बिनकामाची मुंबई

आमच्या सोनईचा माणूस मुंबईला उगाच जात नाही. जातो तेव्हा त्याच्या बगलेत फाइल असते, नाहीतर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. मंत्रालयात एखादा कागद अडकलेला असतो, परळला टाटात किंवा केईएमला कोणाची तरी तारीख असते, आझाद मैदानावर मोर्चा असतो, किंवा भाचीसाठी पाहिलेल्या मुलाचं डोंबिवलीतलं घर खरंच स्वतःचं आहे की भाड्याचं, याची गुपचूप चौकशी करायची असते. रात्रीच्या गाडीनं निघायचं, पहाटे कुठंतरी तोंड धुवायचं, काम झालं तर झालं, नाही झालं तरी रात्रीच्या गाडीनं परत. मुंबई कशी काय वाटली, असं कोणी विचारलंच तर उत्तर येतं, ''साहेब जागेवर नव्हते.''

त्यामुळं आमच्या डोक्यातल्या मुंबईत केसपेपरची खिडकी आहे, लिफ्टपुढची रांग आहे, सहावा मजला आहे, समुद्र मात्र नाही. तो मंत्रालयाच्या मागं कुठंतरी आहे, असं ऐकून असतो.

अशा माणसाला एका रविवारी पहाटेपासून दुपारपर्यंत अख्खी मुंबई मोकळी मिळाली आणि तिच्यात त्याला करायला काडीचं काम नव्हतं.

झालं असं, की लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या मुलानं आम्हा दोघांची गोव्याच्या बोटीची तिकिटं काढली. दोघंच बोटीत काय करतील, एकमेकांशी किती बोलतील, म्हणून सोबतीला घोडेगावचे मेहुणे आणि वहिनी यांचीही काढली. मेहुणे कांद्याचे आडते. मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म काढलेला. दोघांचाही पाण्याशी संबंध पाटाच्या आवर्तनापुरता.

पारावर बातमी फुटली तेव्हा उलटतपासणी झाली.

''गोव्याला काय काम काढलं?''

''काम नाही. बोटीनं जायचं.''

''मग कुठं उतरायचं?''

''थोडं उतरायचं, फिरायचं, पुन्हा बोटीत बसून मुंबईला यायचं.''

''परत मुंबईलाच? मग निघायचंच कशाला?''

या प्रश्नाला अजून मला उत्तर सापडलेलं नाही. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या थोरामोठ्यांनाही ते सापडलं असेल असं वाटत नाही. ते फक्त जास्त पानं लिहितात.

खरं तर पर्यटक आम्हाला नवा नाही. शिंगणापूर आमच्या शेजारचंच. शनिवारी आणि शनी अमावास्येला मुलुखभरच्या गाड्या आमच्या अंगणावरून जातात. रस्त्याकडेला बैलानं फिरवायच्या लाकडी चरकाच्या रसवंत्या आहेत, तिथं थांबतात. बैलासोबत फोटो काढतात. घरांना खरंच दारं नाहीत का, बँकेलाही कुलूप नाही का, असं विचारतात. हे बघत आमची हयात गेली. बैलाच्या बाजूनं आम्ही नेहमीच उभे होतो. मोबाइलच्या बाजूनं उभं राहायची ही पहिलीच वेळ.

बोटीत चढायची वेळ दुपारची आणि बोट सुटायची संध्याकाळी. पण एसटी चुकली तर मागून दुसरी येते, बोटीचं तसं नाही, या धास्तीनं मेहुण्यांनी आदल्या रात्रीच गाडी दारात आणून उभी केली. गाडी पुतण्याची, चालवणाराही तोच. घोडेगाव, नगर, आळेफाटा, माळशेज, कल्याण. बायकांना घाट लागतो म्हणून लिंबू आणि आलेपाक हाताशी. ''घाट लागतो तर बोट लागणार नाही का?'' असं मी सहज म्हणालो आणि आळेफाट्यापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

माळशेजच्या अलीकडं जुन्नरच्या बाजूला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या राज्यात पैठणचा माल याच घाटानं कोकणात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडं उतरायचा आणि बंदरातला माल वर चढायचा. वाटेत आमचा तालुका. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा जुन्या थरांत रोमन सुरयांची खापरं मिळाली. अँफोरा म्हणतात त्यांना. उभट, दोन कानांच्या. त्यांतून भूमध्य समुद्राकडची द्राक्षाची दारू यायची, ऑलिव्हचं तेल यायचं. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नेवाशात कोणीतरी प्रवरेच्या काठी बसून बोटीनं आलेली विलायती चाखत होतं. माउलींनी तिथंच ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० मध्ये, बारा-तेराशे वर्षांनी. तेव्हा यात कोणी मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तरीही मी हे गाडीत सांगितलं तेव्हा मेहुणे ठामपणे म्हणाले, ''दाजी, तेलच असणार.''

मुंबईत शिरलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. सीएसएमटीसमोर गाडीतून उतरलो आणि चौघंही भराभर चालू लागलो. मुंबईत उतरलं की पाय आपोआप भराभर चालतात. दहा-वीस पावलं गेल्यावर सौ. म्हणाली, ''अहो, आपण कुठं चाललोय?'' सगळे थांबले. कुठंच चाललो नव्हतो. मागून येणारे दोघं आमच्यावर आदळले. त्यांना बहुधा काम होतं.

मग हळू चालायला शिकलो. ते वाटतं तितकं सोपं नाही. हाताचं काय करायचं हा पहिला प्रश्न, कारण हातात फाइल नाही. मेहुण्यांनी तो दोन्ही हात मागं बांधून सोडवला, म्हणजे शिवारात फेरी मारताना बांधतात तसे. त्या चालीत स्टेशनाला एक वळसा घातला. ही इमारत मी कितीदा पाहिली असेल, पण आजवर तिचा उपयोग घड्याळापुरता. या खेपेला भिंतीवरचे मोर दिसले, माकडं दिसली, दगडाची पानं दिसली.

शेजारीच मोठं पोस्ट, जीपीओ. १९१३ साली पुरं झालं. त्याच्या डोक्यावरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. म्हणजे इंग्रजाच्या टपालाला आदिलशाहीची टोपी. नगरच्या माणसाला हे जरा टोचतं. आमची निजामशाही काय कमी होती? आमची चांदबीबी विजापूरला दिली, ती परत येऊन नगरचा किल्ला लढवून गेली. आणि समुद्राचंच म्हणाल तर निजामशाहीला स्वतःचं बंदर होतं, चौलचं. अरबी घोडे तिथं उतरायचे. खालच्या अंगाला रेवदंड्यात पोर्तुगीज बसलेले. त्यांना उठवायला मूर्तजा निजामशहानं १५७० मध्ये वेढा घातला आणि दुसऱ्या वर्षी तह करून उठवला. म्हणजे वेढा उठवला, पोर्तुगीज तिथंच राहिले. एका नगरकराच्या हाती बंदर आलं होतं आणि त्यानं ते असं चालवलं. मी हे सांगत असताना वहिनींनी विचारलं, ''मग आता बोटीला चौलहून का नाही बसवत? जवळ पडलं असतं.'' जवळ पडलं नसतं, पण मला प्रश्न आवडला.

बोट सुटते बॅलार्ड पिअरहून, आणि पिअरच्या अलीकडं बॅलार्ड इस्टेट. रविवारी सकाळी ही जागा बघावी. सगळ्या इमारती एका उंचीच्या, एका तोंडवळ्याच्या, पिवळट दगडाच्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. जॉर्ज विटेट या आर्किटेक्टनं हा भाग आखला, गेटवेची कमानही त्याचीच. पण मला रस वाटला तो जमिनीत. शेजारचा अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, पहिल्या महायुद्धाच्या आधी खणला. त्यातून निघालेला राडारोडा टाकून समुद्र हटवला आणि बावीस एकराची ही इस्टेट तयार झाली. मेहुणे थबकले. बूट जमिनीवर दोनदा आपटून त्यांनी पाहिलं.

''म्हणजे विहिरीच्या मुरुमावर बंगला बांधला म्हणा की.''

''तसंच.''

''आणि सातबारा कोणाच्या नावावर?''

सातबारा पोर्ट ट्रस्टच्या, आताच्या पोर्ट ऑथॉरिटीच्या नावावर. त्या ट्रस्टच्या सुरुवातीच्या काळातल्या कर्नल बॅलार्डचंच नाव पिअरला आणि इस्टेटीला. बावीस एकर, एकाच गटात, बागायत नाही, तरी एवढं उत्पन्न. मेहुणे बराच वेळ हिशेबात होते.

इतक्यात एका दारातून वॉचमन बाहेर आला. ''कोणाकडं काम आहे?''

''कोणाकडं नाही.''

''मग इथं काय करताय?''

''बघतोय.''

''काय बघताय?''

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. ''बिल्डिंग,'' मी म्हणालो. त्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. मुंबईत काम नसलेला माणूस संशयित असतो आणि काम नाही असं कबूल करणारा तर पक्का. शेवटी सौ.नं गोव्याच्या बोटीचं सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. गडी विजयदुर्गाकडचा निघाला. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनंच गावाला जायचा. डेकवर वळकटी पसरायची, शेजारी कोंबड्या, समोर ट्रंका. बोट काठाला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि लहान होडीत उतरायचं. पोरांना तर वरून खाली झेलायचे. कोकणातल्या कितीतरी बंदरांचा खरा हमरस्ता तेव्हा पाण्यातून होता. पुढं रस्ते झाले, गाड्या झाल्या, बोटी बंद पडल्या. मध्यंतरीच्या काळानंतर २०१८ मध्ये आंग्रिया सुरू झाली, २०२१ पासून कॉर्डेलियाच्या बोटी निघू लागल्या. पण त्यांना तो बोट मानायला तयार नव्हता. ''ज्या बोटीत कोंबडी नाही ती कसली बोट?'' मग ओघात त्यानं 'रामदास'चंही सांगितलं. १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली, मुंबईच्या किनाऱ्याजवळच उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्याच्या आजीच्या माहेरचंही कोणी त्यात होतं. वहिनींनी पर्समधून शनिदेवाचा अंगारा काढून सगळ्यांच्या कपाळाला लावला. वॉचमननंही लावून घेतला.

पुढच्या चौकात एका कमानीखाली नवरदेव-नवरी उभी होती. लग्न व्हायचं होतं, फोटो आधी. तिनं जमिनीवर लोळणारा लाल झगा घातलेला आणि झग्याचं टोक हवेत उडवायला एक पोरगा नेमलेला. तो झगा उडवायचा आणि पळत चौकटीबाहेर जायचा. फोटोग्राफर ओरडायचा, ''सर, मॅमकडं बघा, हसू नका, प्रेमानं बघा.'' सरांना प्रेमानं बघणं जमत नव्हतं, कारण त्यांचं सगळं लक्ष त्या पोराकडं. आमच्या मंडळींनी तिथं चांगली अर्धा तास बैठक मारली. शेवटी सौ.नंच पुढं होऊन त्या सरांना सांगितलं, ''अरे, ती पडेल का, एवढंच बघ. बाकी आपोआप येतं.'' फोटो चांगला आला म्हणे. चाळीस वर्षांत हा सल्ला मला कोणी दिला नव्हता.

या बॅलार्ड पिअरवरून कोण कोण गेलं आणि कोण कोण उतरलं याची यादी करायला बसलं तर बोट चुकेल. विलायतेची मेलबोट इथं लागायची आणि साहेब लोक धक्क्यावरच आगगाडीत बसून थेट पेशावरकडं निघायचे. माझ्या आवडीची एकच गोष्ट सांगतो. २९ ऑगस्ट १९३१ला गांधीजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीनं गोलमेज परिषदेला निघाले. बोट कराचीला थांबली, तिथं नगरजवळच्या अरणगावचे मेहेरबाबा चढले. बाबांनी १९२५पासून मौन धरलेलं, अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगायचे. बोटीवर दोघांची भेट झाली, बोलणं झालं. एक जण लंडनला बोलायला निघालेला, दुसरा बोलतच नव्हता, आणि बोट दोघांना घेऊन एकाच वेगानं चालली होती.

अकराच्या सुमाराला खरं संकट उभं राहिलं. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की घरचं खाणं बोटीवर नेता येणार नाही. पुतण्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांनी दोन दिवसांचं बांधून आणलेलं होतं: धपाटे, दशम्या, गुळाच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, शिवाय 'तिथं मिळो न मिळो' म्हणून कांदे. टाकायचं? अन्न टाकतात का? हॉर्निमन सर्कलच्या बागेत झाडाखाली पेपर अंथरला आणि पाच जणांनी दोन दिवसांचं जेवण एका बैठकीत जेवलं. मेहुण्यांनी कांदा बुक्कीनं फोडला. तो आवाज त्या बागेत नवा असावा. पलीकडच्या बाकावर पुस्तक वाचत बसलेल्या एका पोरीनं वर पाहिलं. वहिनींनी तिच्या हातावर दशमी ठेवली. तिनं पुस्तक मिटलं.

समोर टाउन हॉल, एशियाटिक सोसायटीचा. १८३३ सालचा. आत दान्तेच्या काव्याची जुनी हस्तलिखित पोथी आहे असं मी ऐकवलं, पण धपाट्यांनंतर पायऱ्या चढायची कोणाची छाती झाली नाही. खालच्या पायऱ्यांवर बसलो. तिथं आणखी वीस-पंचवीस माणसं बसलेली, सगळी बिनकामाची. आपल्यासारखेच आणखी आहेत हे पाहून बरं वाटलं. मुंबईत नुसतं बसायची सोय आहे, ही गोष्ट मला साठीनंतर कळली. आजवर ज्या पायऱ्यांवर बसलो त्या साहेब येईपर्यंत बसायच्या होत्या.

गेटवेला टॅक्सीनं गेलो. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून ही कमान, आणि ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं. आमच्याकडं पाहुणा यायच्या आदल्या रात्रीच कमान उभी राहते. पडते मात्र तीही दुसऱ्या दिवशी. ही टिकली. इतकी टिकली, की २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्यांची शेवटची पलटण हिच्यातूनच परत गेली.

कठड्याला टेकून चौघांनी समुद्र पाहिला. लाटा तशा नव्हत्याच, गढूळ पाणी, त्यात घारापुरीच्या लाँचा दाटीवाटीनं एकमेकींना घासत उभ्या. मेहुणे गप्प होते. आमचं मुळा धरण भरलं म्हणजे सव्वीस टीएमसी. त्यावरून केवढं राजकारण, किती आवर्तनं, किती मोर्चे. आणि इथं हे पाणी नुसतं उघड्यावर पडलेलं.

''दाजी, आपल्या मुळेचं पाणी इथंच येतं का?''

''नाही. मुळा प्रवरेला, प्रवरा टोक्याला गोदावरीला, मग जायकवाडी, नांदेड, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागराला.''

''म्हणजे आपल्या वाटचा समुद्र हा नाहीच.''

''नाही.''

''तरीच खारट,'' मेहुणे म्हणाले.

दुपारी बोटीच्या धक्क्यावर रांग लागली. बॅगांना खोलीच्या नंबरांच्या पट्ट्या, आधार कार्ड, क्ष-किरणांचं यंत्र, फोटो. यंत्रानं सौ.च्या पर्समधली चटणीची पुडी बरोबर पकडली. ती तिनं कधी ठेवली हे मलाही माहीत नव्हतं. मग प्रत्येकाच्या हातात पत्त्याएवढं कार्ड दिलं आणि सांगितलं, हीच खोलीची किल्ली, हे हरवलं तर दार उघडणार नाही. वहिनींचं माहेर शिंगणापूरचं. चौकटीला दार नसलेल्या घरात वाढलेल्या बाईला समुद्रात नेऊन कार्डानं उघडणाऱ्या दारामागं ठेवायचं म्हणजे थोडं अवघडच. दार आपोआप लागतं आणि लागलं की खटकन कुलूप होतं, हे कळल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर फटीत चप्पल अडकवली. खोलीवाला पोरगा येऊन ती अदबीनं काढायचा, वहिनी पुन्हा अडकवायच्या.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा सगळी माणसं शहराच्या बाजूच्या कठड्याशी. गाणी वाजत होती, ताजमहाल हॉटेल मागं सरकत होतं, प्रत्येक जण शहराकडं पाठ करून शहराचा फोटो काढत होता. मेहुणे एकटे पलीकडच्या कठड्याशी उभे. तिकडं खाडीपार उंच क्रेन ओळीनं दिसत होत्या.

''दाजी, ते काय?''

''न्हावा शेवा. जेएनपीटी.''

कांदा भरलेल्या किती गाड्या त्यांनी या नावाच्या चिठ्ठीवर लावल्या असतील. कुठल्या देशाला किती मिलिमीटरचा कांदा लागतो, कोणाला लाल जाळीची गोणी हवी, कंटेनरची हवा किती उघडी ठेवायची, नाहीतर दुबईला पोचेपर्यंत कोंब फुटतात, सगळं तोंडपाठ. १९८९ पासून हे बंदर चालू आहे, घोडेगावचा कांदा इथून मलेशियाला, श्रीलंकेला जाऊन आला, आणि घोडेगावचा आडत्या ते आज पहिल्यांदा बघत होता, तेही गोव्याला जाताजाता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली, ती मे २०२४ मध्ये उठली, तेवढे महिने आपण रोज या बंदराला शिव्या घातल्या असं ते म्हणाले. ''बंदराची काय चूक, सरकारची चूक,'' मी म्हणालो. ''हो, पण शिव्या द्यायला काहीतरी डोळ्यांपुढं लागतं ना, आणि सरकार कुठं दिसतं.''

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की मोबाइलला अजून रेंज आहे. त्यांनी मुनिमाला फोन लावला.

''काढलं का काम?'' वहिनी लांबूनच ओरडल्या.

मेहुण्यांनी दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं. आणि फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, ''अरे, मी बंदरावरून बोलतोय. हो, मुंबई बंदर. समोर जेएनपीटी आहे. बोल, उद्याच्या लिलावाला गाड्या किती?''

पलीकडं मुनीम एकदम सावध झाला असावा. शेठ रविवारी, सांगता न सांगता, थेट बंदरावर. त्याचा आवाज मलाही ऐकू आला: ''शेठ, बंदरात काय भाव निघालाय?''

मेहुण्यांनी मागं वळून डेककडं पाहिलं. तिथं पांढरी टोपी घातलेला एक पोरगा मोठ्या परातीतून लोकांना भेळ करून देत होता.

''इथं ना? इथं फुकट वाटतायत. भेळीवर मागाल तेवढा.''